मिखाईल त्स्वेत : धान्यातलं विष शोधणाऱ्या क्रोमॅटोग्राफीचा जनक

मक्यात किंवा ज्वारीत बुरशीचं विष आहे की नाही हे कसं तपासतात, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर देताना मी मशीनपासून नाही, तर मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञापासून सुरुवात करतो.

त्स्वेत यांचा जन्म १८७२ साली इटलीतल्या आस्ती इथे झाला. वडील रशियन, आई इटालियन. आई लवकरच गेली आणि मिखाईल जिनिव्हात वाढले. १८९६ मध्ये तिथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण रशियात गेल्यावर ही पदवी चालेना! पुन्हा पदव्या घ्याव्या लागल्या. पुढे ते वॉर्सात शिकवू लागले.

पानाच्या हिरव्या रंगात नेमकी कोणती द्रव्यं असतात, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि द्रावक सोडत राहिले. काही द्रव्यं भुकटीला चिकटून मागे राहिली, काही भराभर खाली सरकली. नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटले. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंगच!

पण तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. भुकटीत द्रव्यं बिघडतात, असं त्यांना वाटायचं. महायुद्धात वॉर्सा सुटलं. १९१९ साली व्होरोनेझ इथे, अवघ्या ४७ व्या वर्षी त्स्वेत वारले. १९३१ च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी ही पद्धत पुन्हा वापरली, आणि मग ती जगभर पसरली.

आता धान्याकडे येऊ. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष निघालं. क्रोमॅटोग्राफीने ते वेगळं केल्यावर अतिनील प्रकाशात निळे आणि हिरवे ठिपके चमकले. ब्लू आणि ग्रीनवरूनच अफ्लाटॉक्सिनचे बी आणि जी हे प्रकार पडले. १९७४ मध्ये आपल्या देशातही बांसवाडा-पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली.

आज प्रयोगशाळेत धान्य दळून मिथेनॉल-पाण्यात त्याचा अर्क काढतात आणि तो एचपीएलसी मशीनच्या बारीक नळीतून दाबाने सोडतात. तत्त्व तेच, आधी वेगळं करा, मग मोजा. भारतात धान्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका टनात फक्त १५ मिलिग्रॅम! एवढंसं विष डोळ्यांना दिसत नाही, आणि भाकरी भाजूनही ते पूर्ण जात नाही. म्हणून धान्य खडखडीत वाळवूनच साठवा, आणि बुरशी लागलेलं कणीस जनावरांनाही घालू नका.