आनंदीबाईंनी अमेरिकेत नऊवारी का बदलली?

तीन तरुणींचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुमच्या फीडवर कधीतरी येऊन गेला असेल. तारीख 10 ऑक्टोबर 1885, जागा फिलाडेल्फियाचं महिला मेडिकल कॉलेज. मधे किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, एका बाजूला सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि दुसऱ्या बाजूला साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी. कॅप्शन डॉक्टरकीचं असतं. आपण जरा कपडे बघू.

आनंदीबाई मूळच्या यमुना, जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिथूनच डोक्यात बसलं. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानण्याचा तो काळ. म्हणून 1883 मध्ये निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी भर सभेत हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा शब्द दिला. त्यात जेवण आलं, पेहरावही आला.

नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर न शिवलेलं कापड. कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. आमच्या भंडाऱ्यात डिसेंबरलाच आज्या शेकोटीजवळ सरकतात, तिकडे तर बर्फ! शेवटी आनंदीबाई पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. नेसण बदललं, साडी नाही.

शेजारच्या किमोनोचा हिशोबही असाच कापडाचा. सुमारे 35 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटर लांब ताग्याचे सरळ तुकडे जोडून तो शिवतात, डावी बाजू उजवीवर घेऊन कमरेला ओबी नावाचा पट्टा बांधतात. नक्षी ऋतू बघून निवडायची. भंडाऱ्याच्या करवतकाठी टसर साडीच्या काठावर दात असतात ना? तशाच त्रिकोणांच्या जपानी नक्षीला उरोको, म्हणजे खवले म्हणतात. गंमत म्हणजे या फोटोनंतर वर्षभरातच जपानची सम्राज्ञी पाश्चात्त्य पोशाखात लोकांसमोर येऊ लागली.

11 मार्च 1886 ला आनंदीबाई एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही ठरली होती, पण क्षयाने गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

ओकामी 1889 मध्ये डॉक्टर होऊन टोकियोला परतल्या आणि 1941 पर्यंत जगल्या. आनंदीबाईंची रक्षा मात्र पुन्हा समुद्रापार गेली. अमेरिकेत ज्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं होतं, त्या कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.