55 अंशांवर उकळतो उसाचा रस! कोण होते ही किमया करणारे नॉर्बर्ट रिलियू?

नेवासा : गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळायला 100 अंशांच्या वर तापमान लागते. तालुक्यातील भेंडे आणि सोनई येथील साखर कारखान्यांत मात्र शेवटच्या बंद भांड्यात तो साधारण 55 अंशांवरच उकळतो. त्यामुळे इंधन वाचते, साखर करपत नाही. या पद्धतीचे श्रेय नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याला जाते.

रिलियू यांचा जन्म 17 मार्च 1806 रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे अभियंते, आई कृष्णवर्णीय पण स्वतंत्र. शिक्षण पॅरिसमध्ये झाले आणि तेथेच ते वाफेच्या यंत्रांविषयी शिकवू लागले.

मायदेशी तेव्हा रस उघड्या कढयांत आटवला जाई. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत टाकायचे काम गुलामांचे. भाजणे रोजचेच. शिवाय प्रत्येक कढईची वाफ हवेत वाया.

निर्वात भांडे रिलियू यांच्याआधीच इंग्लंडमध्ये तयार झाले होते. रिलियू यांनी अशी भांडी एकामागे एक जोडली. पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. बॉयलरची ताजी वाफ लागते ती फक्त पहिल्याला. 1843 मध्ये त्यांना पेटंट मिळाले, सुधारित यंत्राचे पेटंट 1846 मध्ये.

पण दाब कमी राहतो कशामुळे? इथे थंड पाण्याचे काम येते. शेवटच्या भांड्याची वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याला भेटते आणि तिचे पाणी होते. वाफेने व्यापलेली जागा एकदम आकसते, निर्वात टिकतो. आत शिरलेली हवा पंप खेचून घेतो.

यात तापलेले पाणी कारखान्याच्या स्प्रे पॉण्डमध्ये कारंज्यासारखे उडवतात किंवा कूलिंग टॉवरवरून खाली सोडतात. तत्त्व माठाचेच. थोडे पाणी वाफ होऊन हवेत जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. 100 लिटरपैकी 1 लिटर उडाले, तर बाकीचे जवळपास 6 अंशांनी निवते. थेंब जितके बारीक, तितका हवेशी संपर्क जास्त.

हवा कोरडी हवी, ही अट मात्र आहे. गळीत हंगाम बहुतांश हिवाळ्यात असतो, हे सोयीचे. ढगाळ, दमट दिवशी पाणी पुरेसे निवत नाही, निर्वात ढिला पडतो, रस आटायला वेळ लागतो आणि गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढते.

रिलियू यांच्या यंत्राने पळ्या हातातून सुटल्या, गुलामी सुटली नाही. यंत्र विकत घेणारे मळेवाले गुलामांचेच मालक होते. ते रिलियू यांना सल्ल्यासाठी बोलावत, पण बरोबरीचे मानत नसत. शहराच्या सांडपाण्यासाठी त्यांनी दिलेली योजनाही नाकारली गेली. कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध वाढत गेले आणि ते फ्रान्सला परतले. तेथे पंचाहत्तरीत त्यांनी बीटाच्या साखरेसाठी आणखी एक पेटंट घेतले.

8 ऑक्टोबर 1894 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. तेथील पेर लाशेज दफनभूमीत त्यांची कबर आहे.