हेदरच्या डोंगरांचा लेक : सर वॉल्टर स्कॉट

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडे, ट्वीड नदीच्या काठी, मेलरोझ नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या पाठीशी तीन शिखरांची एक टेकडी उभी आहे. तीस ईल्डन असे म्हणतात. तिचे सर्वांत उंच शिखर अवघे १,३८५ फूट भरेल. सह्याद्रीचे कडे नित्य पाहणाऱ्या आमच्या वाचकांस ही उंची क्षुल्लक वाटेल. शिवाय तेथे निबिड अरण्य नाही, धबधब्याचा घोष नाही. वर्षाचा बहुतेक काळ ही टेकडी करडी आणि उघडीबोडकी दिसते. परंतु ऑगस्ट महिना उजाडला, की तिचे रूप पालटते. हेदर नावाचे एक काटक, गुडघाभर उंचीचे झुडूप तिच्या उतारांवर दाटीने वाढलेले असते. ज्या निकस जमिनीत धान्य पिकावयाचे नाही, तीच त्यास मानवते. या झुडपास इवलीइवली जांभळी फुले इतकी येतात, की दुरून पाहणाऱ्यास डोंगराने जांभळी शाल पांघरली आहे असा भास व्हावा. आपल्याकडील कारवी कित्येक वर्षांनी एकदा फुलते. हेदर मात्र प्रतिवर्षी आपले व्रत पाळते.

अशा डोंगरावर चालणारा मनुष्य एकटा कधीच नसतो. फुलांवर मधमाश्यांचा गुंजारव चाललेला असतो. पायाखालून अकस्मात पंखांचा फडफडाट करीत ग्राऊस पक्षी उठतो आणि कर्कश ओरडत दूरच्या झुडपांत दडी मारतो. हा तांबूस पक्षी तित्तिराच्या जातकुळीतला. हेदरचे कोवळे शेंडे हेच त्याचे मुख्य अन्न, आणि तिचीच दाटी हे त्याचे घर. वर आकाशात चंडोल गात असतो. ससा कान टवकारून क्षणभर थांबतो आणि दिसेनासा होतो.

या उघड्या डोंगरांवर ज्याने आपल्या आईप्रमाणे प्रेम केले, ज्याच्या लेखणीमुळे सारे जग ते पाहावयास धावले, आणि जो स्वतः एका पायाने लंगडा होता, अशा पुरुषाचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहो. तो पुरुष म्हणजे सुप्रसिद्ध कवी व कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट.

वॉल्टरचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरो शहरातील एका अरुंद, कोंदट गल्लीत झाला. वडील वकिलीचा व्यवसाय करीत. आई एका वैद्यकाच्या प्राध्यापकाची कन्या होती. त्या दांपत्याची सहा मुले पूर्वीच बालपणी मृत्युमुखी पडली होती. वॉल्टर दीड वर्षाचा असता त्यास ताप आला, आणि ताप उतरल्यावर पाहतात तो मुलाचा उजवा पाय लुळा पडलेला! ज्या विकारास आज आपण पोलिओ म्हणतो, तोच तो असावा असे मानतात. उपाय सारे थकले, तेव्हा शहराच्या हवेपेक्षा रानाची हवा मुलास मानवेल, असा सल्ला आजोबांनी दिला. ते स्वतः नाणावलेले वैद्य होते, आणि ज्या आईबापांनी सहा मुले गमावली त्यांनी हे मूल दूर पाठविण्याचे धैर्य केले.

सँडीनो येथे वडिलांकडील आजोबांची शेतीवाडी होती. तेथील खडकावर स्मेलहोमचा जुना बुरूज उभा होता. या शेतावर मुलाचे नवे आयुष्य सुरू झाले. नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या उबदार कातड्यात त्यास गुंडाळून ठेवीत, आणि वृद्ध आजोबा त्यास रांगावयास प्रवृत्त करीत. हवा चांगली असली, की गुराखी त्यास खांद्यावर घेऊन टेकडीवर जाई आणि मेंढरांजवळ गवतावर ठेवी. एके दिवशी त्याचा विसरच पडला. आकाश भरून आले, मेघ गर्जू लागले. आत्या धावत टेकडीवर गेली. मूल भयाने अर्धमेले झाले असेल, अशी तिची समजूत. पण ते उताणे पडून प्रत्येक विजेसरशी आनंदाने टाळ्या पिटीत होते!

हळूहळू त्या पायात थोडे बळ आले. पाय कायमचा लंगडा राहिला, परंतु मूल उभे राहिले, चालू लागले, पुढे धावूही लागले. रात्री शेकोटीजवळ आजी सीमेवरील जुन्या लढायांच्या गोष्टी सांगे, आत्या पोवाडे वाचून दाखवी. जो बुरूज दिवसा डोळ्यांसमोर असे, त्याचीच गोष्ट रात्री कानी पडे. त्यामुळे डोंगर आणि इतिहास या दोन वस्तू त्या बालमनात जणू एकाच धाग्याने शिवल्या गेल्या.

पुढे एडिंबरोच्या हायस्कुलात असता हा लंगडा विद्यार्थी किल्ल्याच्या अवघड कड्यावर चढून जाण्यात सवंगड्यांस हार जात नसे. तारुण्यात तर हातात काठी घेऊन तो एका दिवसात वीस वीस, तीस तीस मैल चालून येई. १७९२ साली स्कॉट वकील झाले. परंतु सुटी मिळताच ते लिडस्डेलच्या निर्जन खोऱ्यात शिरत. तेथे मेंढपाळांच्या झोपड्यांत बसून, म्हाताऱ्यांच्या तोंडचे पोवाडे त्यांनी सात वर्षे वेचले. त्यांचा संग्रह १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. हे पोवाडे त्या म्हाताऱ्यांबरोबरच नष्ट व्हावयाचे होते, ते वाचले.

१७९९ साली ते सेल्कर्क परगण्याचे न्यायाधिकारी झाले. या हुद्द्यावर असता टॉम पर्डी नावाचा एक मनुष्य चोरून शिकार केल्याच्या आरोपावरून त्यांच्यापुढे आणण्यात आला. घरी बायकामुले उपाशी, काम मिळत नाही, आणि डोंगरावर ग्राऊस मात्र मुबलक, अशी आपली कैफियत त्याने करुणा आणि मिस्कीलपणा यांच्या मिश्रणाने मांडली. स्कॉट यांचे मन द्रवले. त्यांनी त्यास शिक्षा न करता आपल्याच पदरी मेंढपाळ म्हणून ठेवले. तो पुढे त्यांच्या साऱ्या जमिनीचा कारभारी झाला, आणि १८२९ साली मरेपर्यंत डोंगरावर फिरताना त्याचाच आधाराचा खांदा धन्याजवळ असे.

१८०५ पासून त्यांची दीर्घ काव्ये एकामागून एक निघाली. १८१० साली निघालेल्या काव्यात कॅट्रिन सरोवराचे वर्णन होते. ते वाचून प्रवाशांच्या झुंडी त्या सरोवराकडे लोटल्या. १८१४ साली त्यांनी आपले नाव गुप्त ठेवून वेव्हर्ली ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली, आणि ऐतिहासिक कादंबरीचा नवा राजमार्ग खुला झाला. आमच्या मराठीत हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना जाणते लोक स्कॉटचे नाव घेतात, ते याच कारणास्तव.

१८११ साली स्कॉट यांनी ट्वीडकाठी एक ओसाडसे शेत विकत घेतले आणि त्यास ॲबट्सफर्ड हे नाव दिले. पुढे भोवतालची जमीन घेत घेत ती सुमारे १,४०० एकरांपर्यंत नेली. खालच्या उतारांवर त्यांनी झाडे लाविली. माथ्यावरचा हेदर मात्र त्यांस जसा होता तसाच प्रिय होता. १८१७ साली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आले. स्कॉट यांनी मोठ्या हौसेने त्यांस डोंगरावर नेऊन भोवतालचा देखावा दाखविला. घनदाट अरण्यांच्या देशातून आलेल्या त्या पाहुण्यास ते करडे, उघडे डोंगर पाहून निराशा वाटली, आणि त्यांनी ती बोलूनही दाखविली. यजमान काही वेळ स्तब्ध राहिले. नंतर त्यांनी समजावून सांगितले, की या उघडेपणातच आपणांस धीटपणा व एकांत दिसतो. नटव्या, बागेसारख्या प्रदेशात काही दिवस राहिलो, की या प्रामाणिक करड्या डोंगरांची ओढ लागते. आणि वर्षातून एकदा तरी हेदर दृष्टीस पडला नाही, तर आपण जगू असे वाटत नाही. ईल्डनच्या माथ्यावरून युद्धात वा काव्यात गाजलेली ४३ स्थळे आपण दाखवू शकतो, असा त्यांचा अभिमान असे. पाहुण्यास जेथे केवळ ओसाडी दिसली, तेथे त्यांस पूर्वजांची पावले दिसत होती.

१८२० साली त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु वैभवाच्या मुळाशी कीड लागली होती. जमीन व वाडा यांवर त्यांनी हात सैल सोडून खर्च केला होता, आणि एका छापखान्यात त्यांची गुप्त भागी होती. जानेवारी १८२६ मध्ये प्रकाशक आणि छापखाना दोन्ही बुडाले, आणि सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे ऋण त्यांच्या शिरावर आले. यात त्यांचा स्वतःचाही दोष होता, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. कायद्याप्रमाणे दिवाळे जाहीर करून मोकळे होता आले असते. मित्रांनी साहाय्य देऊ केले. त्यांच्या मुलींस हार्प वाद्य शिकविणाऱ्या गरीब शिक्षकानेही आपली शिल्लक पुढे केली. स्कॉट यांनी सर्वांचे आभार मानले आणि एकही पैसा घेतला नाही. आपला उजवा हात हेच ऋण फेडील, असा त्यांनी निश्चय केला. वाडा सोडण्याची वेळ येईल असे वाटले, तेव्हा आपल्यामागे आपल्या कुत्र्यांस कोण सांभाळील, या चिंतेने त्यांचे मन कासावीस झाले.

एडिंबरोतील घर विकले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी निवर्तली. तरी लेखणी थांबली नाही. पहाटे उठून ते लिहीत, आणि सवड काढून डोंगराकडे पाय वळवीत. बालपणी ज्याने पाय दिले, तोच डोंगर आता मनास उभारी देत होता. दोन वर्षांत जवळजवळ ४० हजार पौंड फिटले. १८३० साली धनकोंनीच आदराने त्यांचे ग्रंथ व घरातील सामान त्यांस परत दिले. परंतु या श्रमाने शरीर खचले. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. हवापालटासाठी त्यांस माल्टा व इटली येथे नेले, पण तेथील निळा समुद्र त्यांच्या मनास रिझवू शकला नाही. परत येताना ते बहुतेक बेशुद्ध होते. ११ जुलै १८३२ रोजी गाडी गाला नदीच्या खोऱ्यात उतरू लागली, तशी त्यांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिले. एका वळणावर ईल्डनची तीन शिखरे दृष्टीस पडताच तो मरणोन्मुख मनुष्य उत्तेजित होऊन उठून बसू लागला!

२१ सप्टेंबर १८३२ रोजी, खिडक्या उघड्या असता, ट्वीडच्या खळखळाटात त्यांचे प्राण शांतपणे निघून गेले. ड्रायबर्गच्या जुन्या मठात त्यांस पुरले. अंत्ययात्रा चालली असता बेमरसाइडच्या चढावर, जेथे थांबून ते ईल्डनकडे पाहात असत, तेथे गाडीचे घोडे आपोआप थांबले, अशी लोककथा आहे. उरलेले ऋण पुढे त्यांच्या विम्याच्या व ग्रंथांच्या उत्पन्नातून पूर्ण फिटले.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. जगाने निकामी ठरविलेल्या पायाने हा मनुष्य डोंगर चढला, आणि जगाने ओसाड ठरविलेल्या डोंगरावर त्यास आयुष्यभराचे धन सापडले. जो भूमीचे ऋण ओळखतो, तो मनुष्यांचे ऋणही बुडवीत नाही. आपल्या गावामागेही एखादी उघडीबोडकी टेकडी असेल. येत्या सुटीत तीवर अवश्य चढा, वाटेतील म्हाताऱ्यास तिची गोष्ट विचारा, आणि ऐकलेले घरी येऊन लिहून ठेवा.