डोकी मोजणारे प्राध्यापक : फ्रान्झ बोआस

'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला पीएच.डी. करत होत्या, तेव्हा त्यांना कवट्या मोजून वंशावंशांतला फरक शोधायचं काम दिलं होतं. बाईंनी प्रामाणिकपणे मापं घेतली, पण अपेक्षित फरक काही निघाला नाही. हाच प्रश्न त्यांच्या वीसेक वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये एका जर्मन माणसाने हाताळला होता. त्यांचं नाव फ्रान्झ बोआस.

जन्म १८५८ सालचा, जर्मनीतल्या मिंडेन गावी, ज्यू कुटुंबात. कीलला डॉक्टरेट मिळवली ती भौतिकशास्त्रात, समुद्राच्या पाण्याच्या रंगावर! पुढे १८८३ मध्ये नकाशे काढायला बॅफिन बेटावर गेले आणि इन्युइट लोकांत वर्षभर राहून आले. पाण्याचा विषय मागे पडला, माणसांचा लागला. १८८७ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १८९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक.

त्या काळी दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक जन्मतःच कमी प्रतीचे, असं तिथले शिकलेले लोकही बिनदिक्कत म्हणत. बोआस यांनी १९०८ पासून न्यूयॉर्कमधल्या अशा कुटुंबांतल्या सुमारे १८,००० जणांची मापं घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे ज्या आकारावर वंशाची उतरंड रचली होती, तो आकारच एका पिढीत बदलत होता! कायदे करणाऱ्यांनी मात्र हे मनावर घेतलं नाही. १९२४ मध्ये त्याच लोकांना दार बंद करणारा कायदा झाला.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा वर्ग. ते कोलंबियाच्या बर्नार्ड या महिला महाविद्यालयातही शिकवत. मार्गारेट मीड तिथलीच. तिशी उलटलेली, कानाने कमी ऐकू येणारी रूथ बेनेडिक्ट त्यांच्याकडे डॉक्टरेट झाली. झोरा नील हर्स्टन तेव्हा बर्नार्डमधली एकटी कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. तिला त्यांनी आपल्याच लोकांच्या गोष्टी गोळा करायला दक्षिणेत पाठवलं. एला डेलोरिया ही डकोटा समाजातली. डकोटा भाषेचं व्याकरण १९४१ मध्ये निघालं ते दोघांच्या नावाने. एरवी अशा बाईचं नाव प्रस्तावनेतल्या आभारांत गेलं असतं.

पण एक गोष्ट गाळून हे चरित्र सांगणं बरोबर नाही. १८९७ मध्ये, बोआस न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काम करत असताना, पीअरी या प्रवाशाने ग्रीनलंडहून सहा इन्युइट माणसं तिथे आणली. एखादा माणूस आणा, अशी विनंती बोआस यांचीच होती. चौघं आजारी पडून वारली. त्यांत किसुक होता. त्याच्या लहानग्या मिनिकच्या समाधानासाठी खोटा दफनविधी केला गेला, आणि बापाचा सांगाडा संग्रहालयात राहिला. पुढे मिनिकला ते कळलं. बोआस यांनी त्या प्रकाराचं समर्थनच केलं. त्या चौघांचे अवशेष ग्रीनलंडला परत गेले ते १९९३ मध्ये.

१९३३ मध्ये नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत बोआस यांचीही होती. जर्मनीतून परागंदा झालेल्या अभ्यासकांना अमेरिकेत जागा मिळवून देण्यासाठी ते म्हातारपणी खपले. २१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबियात जेवणाच्या टेबलावर बोलता बोलताच ते कोसळले. ते जेवण होतं पॅरिसहून निसटून आलेल्या पॉल रिव्हे या मानववंशशास्त्रज्ञासाठी.