पहाऱ्यातील नाताळ : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

नाताळ जवळ आला की गिरीज परिसरातील घराघरांत गव्हाणी सजू लागतात. रोषणाई आणि गोडधोड यांत काही वावगे नाही. मात्र २००७ च्या नाताळात ओडिशातील कंधमालमध्ये ख्रिस्तमंदिरे जाळली गेली, तेव्हा तेथील बांधवांपाशी यांतले काहीच उरले नव्हते. मग त्यांचा नाताळ कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच मातीतील एका संताचे चरित्र आठवते.

गिरीजपासून काही किलोमीटरांवर असलेल्या वसईत, इ. स. १५५७ च्या सुमारास, गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि १५७२ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्या धर्मगुरूंसोबत जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी लवकरच आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केल्यावर येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. दुखावलेले गोन्सालो व्यापारात उतरले. व्यापार भरभराटीस आला, पण मन त्यात रमले नाही. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानात आले. जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांचे भाषाज्ञान कामी आले. क्योतो नगरात जागा मिळाली, मंदिर उभे राहिले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू झाले. परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशींनी १५८७ मध्येच काढला होता. त्यामुळे येशूसंघीय जपून, गाजावाजा न करता काम करीत. फ्रान्सिस्कन बंधूंचे सारे उघड होते. यास धैर्य म्हणावे की अविचार, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. रुग्णालयातील कुष्ठरोग्यांना त्या वादाशी कर्तव्य नव्हते, असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यातील माल जप्त झाला आणि धर्मगुरू हे परकीय सैन्याचे अग्रदूत आहेत असा संशय बळावला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्योतोच्या मठाभोवती पहारा बसला. दिवस आगमनकाळाचे होते. ज्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल व गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला, त्यांच्या या पुत्रांना बाळ येशूचा सण शिपायांच्या नजरेखाली आला. ख्रिस्तजन्माच्या कथेतही हेरोदाची तलवार आहेच. आपण गव्हाणी मांडताना तिला जागा देत नाही, एवढेच!

सण उलटून दहा दिवसही झाले नव्हते तोच, ३ जानेवारी १५९७ रोजी, बंदिवानांना बैलगाड्यांतून क्योतोच्या रस्त्यांवर फिरविण्यात आले. नाक आणि दोन्ही कान कापण्याचा हुकूम होता. अधिकाऱ्याने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर भागविला. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा, जवळजवळ महिनाभराचा प्रवास. वाटेत आणखी दोघे भाविक त्यांत सामील झाले आणि संख्या २६ झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि उरलेले सतरा साधे प्रापंचिक. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो चाळिशीत होते.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू उरले नाहीत, मिस्साबळी थांबला. तरीही नागासाकीच्या आसपासची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपत राहिली. त्यांच्यात ख्रिस्तजन्मासाठी ‘नातारा’ हा शब्द टिकून राहिला. आपला ‘नाताळ’ ज्या पोर्तुगीज शब्दापासून आला, त्याचेच हे भावंड.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केले आणि गोन्सालो भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. गास येथील आपले मंदिर त्यांच्याच नावाचे आहे. पुढे मार्च १८६५ मध्ये उराकामी गावातील काही शेतकरी नागासाकीच्या ओउरा मंदिरात भीतभीत शिरले. बंदी अजून उठली नव्हती. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे त्यांनी विचारले आणि आपली श्रद्धा उघड केली. त्यांच्यापैकी काहींनी फादर पेतिजां यांना सांगितले की दहिवर पडते त्या महिन्याच्या २५ तारखेस आम्ही प्रभू येशूचा सण पाळतो. त्याच मध्यरात्री तो गोठ्यात जन्मला, हे आम्हांस शिकविलेले आहे. आणि सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे. तो खरोखरच प्रायश्चित्तकाळ होता! दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना त्यांचे पंचांग चुकले नव्हते.

ते मंदिर नुकतेच बांधून झाले होते. त्याचे तोंड निशिझाका टेकडीकडे होते आणि ते ज्या २६ रक्तसाक्षींना समर्पित होते, त्यांत एक वसईचा होता.