आर्चबिशप ह्यूज यांची शिष्टाई

पेशवाईत परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणाऱ्या दूताला वकील म्हणत. पंधराव्या शतकातील युरोपात अशा दूतासाठी रूढ असलेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘वक्ता’ असा होता. दरबारात उभे राहून प्रभावी भाषण करणे हे त्याचे पहिले कर्तव्य असे आणि ते अनेकदा चर्चमधील विद्वानांवर सोपविले जाई. कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यानंतर १४५४ मध्ये बिशप एनिया सिल्विओ पिक्कोलोमिनी यांनी फ्रँकफर्ट येथे जर्मन सत्ताधीशांना मोहिमेचे आवाहन केले. भाषण गाजले, पण मोहीम निघाली नाही. पुढे १४५८ मध्ये हेच बिशप पोप दुसरे पायस झाले.

धर्मपीठावरच्या वाणीने राज्याची शिष्टाई करण्याची ही रीत चारशे वर्षांनी अमेरिकेतही अवतरली. तिचे मानकरी होते न्यूयॉर्कचे पहिले आर्चबिशप जॉन ह्यूज. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल पाहायला गेलेल्या मराठी माणसाला त्यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. परंतु त्या वास्तूची कोनशिला १८५८ मध्ये त्यांनीच बसविली.

ह्यूज यांचा जन्म १७९७ मध्ये आयर्लंडच्या टायरोन परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ब्रिटिश अमलाखाली कॅथलिकांवर तेव्हा अनेक निर्बंध होते. त्यांच्या बहिणीच्या अंत्यविधीच्या वेळी धर्मगुरूला दफनभूमीत पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. फाटकाबाहेर पवित्र करून दिलेली मूठभर माती तेवढी तिच्या शवपेटीवर पडली. हा अपमान ह्यूज कधी विसरले नाहीत. १८१७ मध्ये ते अमेरिकेत आले. मेरीलँडमधील माउंट सेंट मेरीज येथे ते प्रथम बागकाम करीत. नंतर तेथेच त्यांना विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला. १८२६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि १८३८ मध्ये सहायक बिशप म्हणून ते न्यूयॉर्कला आले.

तेथे त्यांच्या वक्तृत्वाला रणांगणच मिळाले. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांत प्रॉटेस्टंट बायबल शिकविले जाई आणि आयरिश पाठ्यपुस्तकांतून स्वतःच्या धर्माची निंदा वाचीत. १८४० मध्ये शहराच्या परिषदेपुढे ह्यूज एकटे उभे राहून तासन्‌तास बोलले. त्यांची मागणी फेटाळली गेली. मात्र या प्रकरणात गव्हर्नर विल्यम सिवर्ड यांनी त्यांची कड घेतली आणि दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात परकीयद्वेष्ट्या जमावाने कॅथलिक चर्चे जाळली, तेव्हा ह्यूज यांनी न्यूयॉर्कच्या चर्चेसभोवती सशस्त्र पहारे बसविले. तेथे एकही चर्च जळले नाही. डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी काँग्रेस सदस्यांच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात भाषण केले. माजी माळ्याने गाठलेली ही मजल थोडी नव्हती.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. सिवर्ड आता लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री होते. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे फ्रान्समधील गिरण्यांना कापूस मिळेना आणि तिसरा नेपोलियन दक्षिणेला मान्यता देईल, अशी भीती वॉशिंग्टनला वाटू लागली. कॅथलिक फ्रान्समध्ये कॅथलिक धर्माधिकाऱ्याचा शब्द चालेल, या विचाराने सिवर्ड यांनी ह्यूज यांना पाठविले. त्यांना राजदूताची सनद नव्हती. ते पोहोचतात तोच, ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेच्या दोन प्रतिनिधींना अमेरिकन नौदलाने पकडल्याची बातमी आली आणि ब्रिटनशी युद्धाचे ढग जमले. अशा वातावरणात २४ डिसेंबर रोजी सम्राट आणि सम्राज्ञी यांनी ह्यूज यांना भेट दिली आणि त्यांनी उत्तरेची बाजू सविस्तर मांडली. नंतर ते रोमला आणि आयर्लंडला गेले.

फ्रान्स तटस्थ राहिला. त्याचे श्रेय एकट्या ह्यूज यांना देता येणार नाही. ब्रिटनचे धोरण आणि रणांगणावरील घडामोडी यांचा त्यात अधिक वाटा होता. शिवाय त्यांची बाजू एका ठिकाणी लंगडी होती. त्यांना देशाचे ऐक्य हवे होते, पण गुलामगिरी तातडीने संपविण्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आयरिश सैनिक ऐक्यासाठी लढतील, गुलामांच्या मुक्तीसाठी नव्हे, हे त्यांनी सरकारला आधीच कळविले होते. फाटकाबाहेरच्या त्या मातीचे दुःख जाणणाऱ्या माणसाला साखळदंडातील माणसाचे दुःख तितक्या जवळचे वाटले नाही, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा उणेपणा होय.

ऑगस्ट १८६२ मध्ये परतल्यावर त्यांनी प्रवचनात सक्तीच्या सैन्यभरतीचा पुरस्कार केला. पुढच्या वर्षी तसा कायदा आला. पण ३०० डॉलर भरणाऱ्याला त्यातून सूट होती. ते पैसे कोणत्याही मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते. १३ जुलै १८६३ रोजी न्यूयॉर्क पेटले. दंगलखोरांत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांनी कृष्णवर्णीयांना गाठून ठार मारले आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळले. शंभराहून अधिक माणसे मेली.

१७ जुलैला, लष्कर शहरात येऊन दंगल ओसरल्यावर, संधिवाताने जर्जर झालेले ह्यूज आपल्या घराच्या सज्जात खुर्चीवर बसून हजारो लोकांशी बोलले. त्यांनी शांततेचे आवाहन केले आणि जमाव निमूटपणे घरी गेला. हे भाषण चार दिवस आधी झाले असते तर काय घडले असते, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. सम्राटापुढे देशाची बाजू मांडायला समुद्र ओलांडणारा हा वक्ता स्वतःच्या माणसांपर्यंत मात्र उशिरा पोहोचला.

३ जानेवारी १८६४ रोजी ह्यूज निवर्तले. त्यांना कार्डिनल करावे, अशी लिंकन सरकारची इच्छा होती. ती अपुरी राहिली. कॅथेड्रलचे काम त्यांच्या पश्चात पूर्ण होऊन १८७९ मध्ये ते उघडले आणि १८८३ मध्ये त्यांचे अवशेष तेथील तळघरात हलविण्यात आले. आज त्या चर्चच्या बाकांवर जगभरातून आलेली स्थलांतरित माणसे बसतात. त्यांना या देशात उजळ माथ्याने वावरता यावे, यासाठी झगडलेल्यांत ह्यूज यांचे नाव अग्रभागी आहे. आणि त्या झगड्यात त्यांनी कोणाला बाहेर ठेवले, हेही त्याच चरित्रात लिहिलेले आहे.