कार्ल श्वार्झशिल्ड : आघाडीवरून आलेले उत्तर

थोरांची चरित्रे वाचताना आपण त्यांचे यश पाहतो. ते यश त्यांनी कोठे बसून मिळवले, हे सहसा विचारीत नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. कृष्णविवराचे गणित मला सोडवता येणार नाही. पण ज्यांच्या लेखणीतून त्या गणिताची सुरुवात झाली, त्या कार्ल श्वार्झशिल्ड यांचे चरित्र वाचले आणि एक गोष्ट मनातून जाईना. हे गणित त्यांनी युद्धाच्या आघाडीवर केले होते.

९ ऑक्टोबर १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात कार्ल यांचा जन्म झाला. भावंडांत ते थोरले. घरात व्यापार होता, कलेची आवड होती. विज्ञानाचा वारसा मात्र नव्हता. खाऊचे पैसे साठवून त्यांनी भिंगे आणली आणि दुर्बीण तयार केली. वडिलांच्या एका स्नेह्यांची खाजगी वेधशाळा होती, तिचाही त्यांना लाभ झाला. एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या कक्षांवर त्यांचे दोन लेख शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. त्या वयात आपण दहावीच्या गाईडात मान घालून बसलेलो असतो!

स्ट्रासबुर्ग व म्युनिक येथे शिक्षण घेऊन १८९६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे व्हिएन्नाच्या कुफ्नर वेधशाळेत, फोटोच्या काचेवर उमटलेल्या ठिपक्यांवरून ताऱ्यांचे तेज मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली. अवकाश वक्र असेल तर ते किती वक्र असू शकेल, हा प्रश्न त्यांनी १९०० मध्येच मांडला होता. आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद तेव्हा जन्मालाही आला नव्हता. १९०१ मध्ये गटिंगेन येथे, जेथे एकेकाळी गाउस होते त्याच वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९०९ मध्ये ते पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि पुढे तीन मुले झाली.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. श्वार्झशिल्ड तेव्हा चाळिशीचे होते. पद, प्रतिष्ठा, संसार सारे काही होते. तरीही ते आपणहून सैन्यात दाखल झाले. बेल्जियममध्ये त्यांनी हवामान केंद्र सांभाळले आणि नंतर तोफखान्यासाठी गणिते केली. ज्या बुद्धीने ताऱ्यांच्या वाटा मोजल्या, तिनेच आता तोफगोळ्यांच्या वाटा मोजल्या. हे वाचताना मन अडखळते. तथापि चरित्रातील हा भाग झाकून ठेवावा, असे मला वाटत नाही. विद्या माणसाला मोठे करते. ती कोणत्या कामी लावायची, हा प्रश्न मात्र ती सोडवून देत नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवली. ती इतकी अवघड होती की, बुधाच्या कक्षेचा प्रश्न सोडवताना स्वतः आइन्स्टाइन यांनीही अंदाजी उत्तरावर भागवले होते. २२ डिसेंबर १९१५ रोजी लिहिलेले एक पत्र आघाडीवरून त्यांना आले. श्वार्झशिल्ड यांनी अचूक उत्तर काढले होते! ते इतके सुटसुटीत निघेल, अशी आइन्स्टाइन यांची अपेक्षा नव्हती. जानेवारी १९१६ मध्ये त्यांनीच ते अकादमीपुढे मांडले. फेब्रुवारीत श्वार्झशिल्ड यांचा दुसरा लेखही आला.

या उत्तरात एक ठरावीक अंतर येते. एखाद्या गोलाचे सारे वस्तुमान त्या अंतराच्या आत दाबून बसवले, तर तेथून प्रकाशदेखील बाहेर पडू शकत नाही. सूर्यासाठी हे अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे आणि आपल्या पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे बोराएवढा गोळा! या सीमेलाच आज घटना-क्षितिज म्हणतात. श्वार्झशिल्ड यांच्या डोळ्यांपुढे मात्र कृष्णविवर नव्हते. ही सीमा म्हणजे एकाच दिशेने ओलांडता येणारा उंबरठा आहे, हे १९५८ मध्ये फिंकेलस्टाइन यांनी स्पष्ट केले. कृष्णविवर हे नाव तर १९६७ नंतर रूढ झाले. योगायोग असा की, श्वार्झशिल्ड या आडनावाचा अर्थच काळी ढाल असा होतो.

आघाडीवर असतानाच त्यांना पेम्फिगस हा, अंगभर फोड उठणारा वेदनामय त्वचारोग जडला. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. मार्च १९१६ मध्ये ते घरी परतले. आजारपणातही पुंजवादावरचा एक लेख त्यांनी पुरा केला आणि ११ मे १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. पुढे त्यांचे पुत्र मार्टिन हेही नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाले.

श्वार्झशिल्ड यांनी गणित सुटावे म्हणून एक गोष्ट गृहीत धरली होती : तारा अगदी गोल आहे आणि तो स्वतःभोवती फिरत नाही. पण आकाशात न फिरणारे आहे तरी काय? फुगडी घालताना मुली एकमेकींजवळ ओढल्या गेल्या की गिरकी वाढते, तसाच आकसणारा तारा अधिकच वेगाने फिरू लागतो. फिरणाऱ्या वस्तूचे गणित सुटायला आणखी ४७ वर्षे लागली. १९६३ मध्ये न्यूझीलंडचे रॉय केर यांनी ते सोडवले. फिरते कृष्णविवर आपल्याभोवतीचे अवकाशही ओढून घेऊन फिरते. त्याच्या क्षितिजाबाहेर एक असा पट्टा असतो की, तेथे कोणालाच स्थिर उभे राहता येत नाही. पुरातल्या भोवऱ्याच्या कडेला नाव जशी गोल फिरतेच, तसे हे आहे. मात्र जोर लावला तर तेथून अजून सुटता येते. खरी कैद क्षितिजाच्या आत. वस्तुमान तेवढेच राहून फिरण्याचा वेग वाढला की क्षितिज लहान होते आणि कमाल वेगाला निम्म्यावर येते. केर यांच्या सूत्रात फिरणे शून्य धरले की पुन्हा श्वार्झशिल्ड यांचेच उत्तर हाती येते.

२०१५ मध्ये दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वलहरी अमेरिकेतील यंत्रांनी टिपल्या. त्यातून उरलेले कृष्णविवर वेगाने फिरणारेच होते. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अभ्यासाला वेगळी खोली नाही, सांगणारे कोणी नाही, अशी सबब मीही अनेकदा पुढे केली आहे. श्वार्झशिल्ड यांचे उदाहरण देऊन स्वतःला लाजवावे, असे मात्र मला वाटत नाही. त्यांच्यामागे भरलेले घर होते, उत्तम गुरू होते. माझ्या मनाला भिडली ती वेगळीच गोष्ट. संपूर्ण प्रश्न सुटत नाही म्हणून ते थांबले नाहीत. सुटेल तेवढा भाग त्यांनी चोख सोडवला आणि काय गृहीत धरले तेही स्पष्ट लिहून ठेवले. म्हणूनच पुढच्याला तेथून पाऊल टाकता आले. पहिल्याने एवढे केले, तरी ते थोडे नव्हे.

— द्वितीय वर्ष, कला